चार बोटं खोल

“मामी, आई गेली. माती चार वाजता हाय. मामांना घेऊन निघा.”

शिवराजचा फोन एवढाच होता. संक्रांत होऊन आठवडा झाला होता आणि मी धाराशिवच्या आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात हे मला कळत्या वयापासून ठाऊक आहे. पण माझी सगळी नोकरी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे त्या क्षणी माझ्या डोक्यात काय यावं? चार वाजता कुठल्या तरी शेतातला नमुना यायचाय आणि आपण काचेची भांडी धुऊन ठेवलेली नाहीत! निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ही गत. मग हातातली जुडी खाली ठेवली आणि आमच्या ह्यांना हाक मारली.

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. शिवराज हा त्यांचा एकुलता एक मुलगा. सास्तूरच्या अलीकडे त्यांचं गाव. यजमान लवकर गेले, आणि तेव्हापासून घरची सहा एकर काळी जमीन अक्कांनीच पाहिली. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. शेतातल्या कडुलिंबाखाली खड्डा घेतला होता, उकरलेल्या मातीचा ढीग बाजूला होता. बाया रडत होत्या आणि मी खड्ड्याच्या कडेचे थर बघत होते. सवय, दुसरं काय! खाली चुनखडीचे खडे, त्यावर चिकट करडी माती आणि सगळ्यात वर वीतभर काळाभोर, भुसभुशीत थर. तो वरचा थर अक्कांनी केला होता. मी त्या शेतात पहिल्यांदा आले तेव्हा तो तसा नव्हता, हे तिथं जमलेल्यांत फक्त मलाच नेमकं माहीत होतं.

पुढे शिवगणाराधनेचं, म्हणजे आमच्यातल्या दिवसांचं, जेवण झालं. पंगतीत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढता वाढता शिवराजनं आईचा नेहमीचा किस्सा सांगितला. “आमच्या आईनं एका वर्षी उसाचं पाचट पुरलं. आता पुरावं तर किती खोल? इतकं खोल पुरलं, इतकं खोल, की मका वर यायचंच इसरून गेला!” सगळे हसले. सांगता सांगता शिवराजच्याच डोळ्यांत पाणी आलं. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते, आणि खरं सांगायचं तर त्या हसण्यामुळेच मी हे लिहायला बसले आहे. कारण तो किस्सा खोटा आहे. तो गावानं रचलेला नाही, शिवराजनंही नाही. तो मी रचला आहे.

हे नीट सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा अक्का काही कामानं धाराशिवला आल्या होत्या. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून माझ्या प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसल्या. मी मातीतला कर्ब काढत होते. त्यात शेवटी एक वेळ अशी येते की भांड्यातला जांभळट रंग एका थेंबासरशी हिरवा होतो. अक्का डोळे बारीक करून बघत होत्या. “ह्ये हिरवं झालं म्हंजी काय कळलं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मातीत कर्ब किती आहे ते कळलं. कर्ब म्हणजे पालापाचोळा, मुळ्या, शेण असं जे जे मातीत जातं, त्याचं शेवटी जे उरतं ते. जमिनीला धरून ठेवतं, ओल राखतं. अक्का म्हणाल्या, “आन आमी दरसाल धसकटं येचून बांधावर पेटवताव. म्हंजी तुझा कर्ब आमी आमच्याच हातानं जाळताव म्हन की.” नोकरीत माझ्या समोर बसणाऱ्या भल्या भल्या माणसांना जी गोष्ट गळी उतरवायला मला तास तास लागला, ती त्यांनी स्टुलावर बसल्या बसल्या स्वतःच काढली. मला ही नणंद त्या दिवशी आवडली.

रब्बीची ज्वारी काढली की रानात तिची बुडखं राहतात, तीच धसकटं. आमच्या भागात ती खणून, वेचून, ढीग घालून पेटवतात. रान कसं झाडून काढल्यासारखं स्वच्छ दिसतं आणि त्या स्वच्छतेची शेतकऱ्याला मोठी हौस. शेजाऱ्याचा ऊस तुटला की त्याचं पाचटही असंच भडाभडा पेटतं. अक्कांच्या मनात हे जाळणं तेव्हापासून सलत होतं, पण घरात ते बंद करायला पुढे बरीच वर्षं गेली. साधारण आठ वर्षांपूर्वी त्यांनी मला फाल्गुनात बोलावून घेतलं. शिवराजनं धसकटांना हात लावायचा नाही असं त्यांनी बजावलं होतं, आणि शेजारच्या भीमरावांचं जळायला निघालेलं पाचटही दोन गाड्या मागून आणलं होतं. “आता सांग, काय करू ह्याचं?”

मी सांगितलं. बारीक करा, वखरानं मातीआड करा, मृगापर्यंत तीन महिने आहेत, तेवढ्यात कुजून खत होतं. पुस्तकात तीन महिनेच लिहिलेले होते. अक्कांनी दोन हरकती घेतल्या. पहिली शब्दाला. “कुजत्यात ती वांगी. काडी मुरती.” ही त्यांची फार जुनी खोड. लोणचं असो, जमिनीत गेलेला पाऊस असो नाहीतर भावाभावांतलं भांडण असो, त्या एकच विचारायच्या, “मुरलं का?” दुसरी हरकत मात्र खरी होती. त्यांनी पायानं ढेकूळ फोडलं, ते कोरडं ठणठणीत होतं, आणि म्हणाल्या, “पर सुनंदा, ओल न्हाय तर उन्हाळ्यात मुरंल कसं गं?”

“मुरतं, अक्का. त्याचा अभ्यास झालाय.” मी म्हणाले. कुठं झालाय, कुठल्या जमिनीत, कुठल्या हवेत, हे मी मलाही विचारलं नाही. मी लॅबमधली. मला विचारणारी बाई चौथी शिकलेली. झालं!

पाऊस झाला, अक्कांनी तिथं मका पेरला. महिन्याभरानं मी गेले तेव्हा बांधावरूनच दिसलं. आजूबाजूची रानं हिरवीगार, आणि मधे आमचा मका पिवळा, गुडघ्याच्या खाली, काविळीतून उठलेल्या माणसासारखा. खालच्या पानांचे शेंडे पिवळे, तो पिवळेपणा मधल्या शिरेवरून आत उतरत चाललेला. नत्राची उपासमार. हे मी झोपेतही ओळखलं असतं. खाली बसून खुरप्यानं माती बाजूला केली. चार बोटांवर पाचट लागलं. ताठ, अख्खं, फाल्गुनात घातलं तसंच. उन्हाळाभर ते कोरड्या मातीत नुसतं पडून राहिलं होतं. पाऊस पडल्यावर मातीतले जिवाणू जागे झाले आणि त्याच्यावर तुटून पडले, आणि नेमका त्याच दिवसांत मक्याचा अंकुर वर आला. पाचटात कर्ब ढीगभर आणि नत्र चिमूटभर. जिवाणूंना अंग धरायला नत्र लागतं, ते त्यांनी मातीतून उचललं. मक्याला काही राहिलं नाही. अक्कांच्या एका प्रश्नात हे सगळं होतं, आणि मी तो प्रश्न अभ्यासाच्या नावाखाली उडवून लावला होता.

बांधावर शिवराज उभा होता, भीमराव होते, आणखी दोघं होते. यातले तिघं माझ्याकडे मातीचे नमुने घेऊन यायचे. शिवराज रागानं लाल झालेला. “मामीच्या नादी लागून वावराचं वाटोळं झालं,” असं तो मघाशी बोलल्याचं मी ऐकलं होतं. अक्का माझ्या शेजारी येऊन उकिडव्या बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “पिवळं का पडलं गं?”

मी खुरप्यानं उकरलेला खड्डा हातानं बुजवला. हे मला स्पष्ट आठवतं. बुजवला, आणि बांधावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “खोल गेलंय, अक्का. एवढं खोल पुरायचं नसतं. थोडा युरिया द्या, सावरेल.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. “खोल गेलं व्हय?”

“हो.”

“मग माझ्याच हातनं झालं म्हनायचं.” त्या उठल्या आणि शिवराजला म्हणाल्या, “मामीला बोल लावू नगंस. तिनं बरूबर सांगितलं हुतं. म्या खोल पुरलं.”

एवढंच घडलं. युरियानं मका सावरला, पण निम्माच. माझं नाक शाबूत राहिलं. तिथून पुढे अक्का गावात मका पुरणारी बाई झाल्या. चेष्टा मायेची होती, त्याही हसायच्या, पण चेष्टा ती चेष्टाच. नवीन सून गावात आली की तिलाही हा किस्सा सांगितला जाई. पुढच्या फाल्गुनात शिवराजनं घरात वाद घातला, यंदा धसकटं पेटवणार म्हणजे पेटवणार. अक्कांनी ऐकलं नाही. मलाही काही विचारलं नाही. त्यांनी धसकटं आणि पाचट रानावर नुसतं पसरून ठेवलं, पाऊस पडून ओल झाल्यावर मातीआड केलं आणि वर उडीद पेरला. “उडीद आपलं आपुन कमवून खातंय,” त्या म्हणाल्या. उडदाच्या मुळांवर गाठी असतात, हवेतलं नत्र तो स्वतः धरतो, हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे चूक काय होती ते त्यांना तेव्हाच कळलं असणार. मी ते बघितलं, जाणलं, आणि उडीद चांगला आलाय म्हणाले.

मग मला चैन पडेना. एक जुनी मच्छरदाणी आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेऊन मी एसटीनं त्यांच्याकडे गेले. आमच्या शास्त्रात एक साधी पद्धत आहे. जाळीच्या पिशव्यांत काडीकचरा मोजून भरायचा, पिशव्या शेतात पुरायच्या आणि दर महिन्याला एकेक वर काढून, वाळवून वजन करायचं. जेवढं वजन कमी झालं, तेवढं मुरलं. अक्कांना ही कल्पना इतकी पसंत पडली की त्यांनी दुपारच्या दुपारी मच्छरदाणी फाडून सहा पिशव्या शिवल्या. काडी भरताना त्या कानडीत मोजायच्या, ओंदु, यरडु, मूरु... माहेर सरहद्दीकडचं, हिशेब कानडीतच व्हायचा. फाल्गुनात पिशव्या पुरल्या. जागा सापडावी म्हणून प्रत्येकीजवळ तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, रोवून तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. किती खोल पुरायचं हे त्यांनी मला विचारलं नाही. डावा पंजा मातीत आडवा धरला, चार बोटं मोजली आणि पुरल्या.

चैत्रातली पिशवी काढली, वैशाखातली काढली, वजन होतं तेवढंच. ज्येष्ठातली काढली, तेवढंच. पाऊस सुरू झाल्यावर जी काढली ती एकदम हलकी लागली. अक्कांनी मधल्या खोलीच्या भिंतीवर गेरूनं रेघा मारून ठेवल्या होत्या, पहिल्या तीन रेघा सारख्या, चौथी अर्धी. त्या रेघांसमोर बसून त्या म्हणाल्या, “उन्हाळ्यात पिशवी हाललीच न्हाय की गं.” मी म्हटलं, नाही. मग न राहवून जिवाणूंचं, कर्बाचं, नत्राचं सगळं सांगितलं. फक्त मक्याचं नाव घेतलं नाही. जिवाणूंनी उचललेलं नत्र वाया जात नाही, जिवाणू मेले की पुन्हा मातीत सुटतं, उशिरा मिळतं एवढंच, हेही सांगितलं. अक्का म्हणाल्या, “म्हंजी लग्नातलंच. पयली पंगत वऱ्हाडाची, घरचे मागनं.”

“तसंच.”

“मग आपला मका मागच्या पंगतीला बसला. आन वाढपी यायच्या आत त्याचं वय निघून गेलं.”

मी चहाचं आधण बघायला उठले. चूल तर पेटलेलीही नव्हती.

त्यांचं डोकं असं चालायचं. पिशव्या पुढे दरवर्षी पुरायचा नेमच झाला. एकदा भरलेली पिशवी रिकामी होऊन निघाली तेव्हा त्यांनी विचारलं, बाकीचं गेलं कुठं? मी म्हटलं, बरंचसं हवेत गेलं, जिवाणू श्वास सोडतात त्यातून. “आता गं बया! जाळलं तरी हवेत, मुरवलं तरी हवेत. मग म्या एवढी उस्तवार कशाला करायलेय?” हा प्रश्न मला परीक्षेतसुद्धा कुणी घातला नव्हता. मी विचार करून सांगितलं, जाळलं की एका दुपारी सगळं जातं, त्यातलं नत्रही जातं. मुरवलं की जाता जाता मातीतल्यांचं पोट भरतं, आणि सगळं गेल्यावरही थोडं मागं राहतं. दरवर्षीचं ते थोडं थोडं साठतं. “किती थोडं?” त्यांनी विचारलं. मी चिमूट दाखवली. “लई झालं,” अक्का म्हणाल्या. त्यांच्या शेतातल्या मातीचा कर्ब मी दरवर्षी काढत होते. पहिली दोन वर्षं आकडा जागचा हलला नाही, मग वर सरकायला लागला. दर वेळी आकडा सांगितला की त्या मान हलवायच्या, जणू नातवाच्या पास होण्याची बातमी.

शेवटची भेट येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, झाली. त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव रानात असतं, ज्वारीच्या कडेला कडब्याची कोपी, म्हणजे खोपट, घालून पूजा आणि तिथंच जेवण, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. अक्का थकल्या होत्या. दर चार पावलांवर थांबत होत्या. लिंबाखाली आम्ही दोघीच बसलो होतो आणि मला वाटलं, आता नाही बोलले तर राहूनच जाईल. मी म्हणाले, “अक्का, त्या वर्षीच्या मक्याचं...”

त्यांनी हात वर केला. “साकु गं.” साकु म्हणजे कानडीत पुरे. “आंबील घे. आन ध्यानात ठिव, बांधाकडंची एक पिशवी राहिलीया. फाल्गुनात काढायची.”

त्यांनी मला मोकळं केलं असं मी घरी जाताना स्वतःला सांगितलं. पण ते त्यांच्यापुरतं झालं. शिवराजच्या तोंडी, गावाच्या तोंडी जे बसलं होतं ते तसंच राहिलं, आणि पंगतीत मी हुग्गी खात हसले.

फाल्गुन लागला, म्हणून मागच्या आठवड्यात मी गेले. बांधावर धसकटांचा ढीग रचलेला होता, चांगला छातीएवढा. आई गेल्यावर शिवराजनं वेचून घेतलेली. पेटवायची तेवढी राहिली होती. मी त्याबद्दल काही बोलले नाही. चिंधी बांधलेली तुराटी शोधली आणि त्याला म्हटलं, इथं उकर. त्यानं खुरप्यानं माती ओढली आणि लगेचच जाळी दिसली.

“वरच हाय की,” तो म्हणाला.

मी पंजा आडवा धरून दाखवला. चार बोटं. “शिवराज, तुझ्या आईनं कधीच खोल पुरलं नाही. त्या वर्षीही नाही. मी उकरून बघितलं होतं. चूक माझी होती, मी उन्हाळा धरलाच नव्हता. बांधावर तुम्ही सगळे उभे होतात म्हणून मी खोटं बोलले.”

त्यानं पिशवी वर काढून तिच्यावरची माती झटकली. “आईला ठावं हुतं?”

“होतं.”

“आन म्या सगळ्या पंगतीम्होरं...” मी म्हटलं की हे मी लिहून छापायला देणार आहे, तुझ्या नावासकट. त्यानं मान हलवली. ती हो म्हणून होती की नुसती, मला कळलं नाही.

मग त्यानं पिशवीची शिवण दातानं तोडली आणि ती तळहातावर उलटी केली. मूठभर काळा चुरा पडला, त्यात पानाच्या दोन शिरा. मी काटा आणला होता, पण माझ्या थैलीतून तो बाहेर काढायचं मनात आलं नाही. शिवराजनं चुरा बोटांनी चोळला, वास घेतला, आणि लिंबाखालच्या मातीवर नेऊन सोडला. विहिरीच्या नळावर पिशवी धुतली. येता येता ढिगातली धसकटं उचलली, मोडून मोडून तिच्यात भरली. तुराटीजवळ बसून खुरपं हातात घेतलं आणि थांबला.

“मामी, किती खोल?”

“चार बोटं,” मी म्हणाले. “तुझी आई पुरायची तेवढंच.”